साथरोग आणि स्थानिक आरोग्य कार्यालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनीच पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. बरेचसे प्रश्न कार्यालयाचा फोन येऊन गेल्यावर किंवा दारातला कर्मचारी परत गेल्यावर सुचलेले दिसतात. काहींचा सूर चिडका आहे, तो तसाच ठेवला आहे. कायदे आणि मुदती देशागणिक बदलतात, कामाची रीत मात्र जवळपास सगळीकडे हीच असते.

१. आरोग्य कार्यालय म्हणजे सरकारी दवाखानाच ना? मग तिथे औषध का मिळत नाही?

दवाखान्यात डॉक्टरांसमोर एक रुग्ण असतो, कार्यालयासमोर अख्खी वस्ती असते. याला काय झालंय, हे डॉक्टर बघतात. याला हे कुठून आलं आणि इथून पुढे कुणाकुणाला होऊ शकतं, हे कार्यालय बघतं. काही ठिकाणी दोन्ही कामं एकाच इमारतीत चालतात, म्हणून घोटाळा होतो. एरवी या कार्यालयाचं काम म्हणजे नोंदी ठेवणं, फोन करणं, पाण्याचे नमुने घेणं, लसीकरणाचा हिशेब ठेवणं आणि खूप चालणं.

२. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग माझा आजार त्यांना कळला कसा?

बहुतेक वेळा प्रयोगशाळेकडून. काही आजार कळवणं डॉक्टर आणि प्रयोगशाळा या दोघांवरही कायद्याने बंधनकारक असतं. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की एक प्रत तुमच्या डॉक्टरांकडे जाते आणि एक नोंद कार्यालयाकडे.

याखेरीज कानावर येणाऱ्या गोष्टी असतातच. शाळेत एकाच वर्गातली आठ मुलं गैरहजर आहेत, औषधाच्या दुकानात जुलाबावरच्या गोळ्या अचानक संपल्या, वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, अशा खबरा नोंदवून त्यांची शहानिशा करणं हेही रोजच्या कामात मोडतं.

एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. 'या आठवड्यात एकही रुग्ण नाही' असा शून्याचा अहवालही दवाखान्यांनी पाठवायचा असतो. अहवालच आला नाही तर आजार नव्हता की कळवणारा रजेवर होता, हे कळायला मार्ग नसतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा कागद तोच.

३. मग साधी सर्दीही कळवावी लागते का?

नाही. कळवायच्या आजारांची यादी ठरलेली असते. तिच्यात यायला एक साधी कसोटी पुरते: कळल्यावर काही करता येणार आहे का? गोवर, घटसर्प, पोलिओ, कॉलरा, मेंदूज्वराचे काही प्रकार लगेच कळवायचे, कारण तिथे एकेका दिवसाला किंमत असते. काही आजारांची आठवड्याची बेरीज पुरते.

फ्लूसारख्या सर्वत्र पसरणाऱ्या आजारात प्रत्येक रुग्ण मोजणं शक्य नसतं आणि गरजेचंही नसतं. तिथे काही ठरावीक दवाखाने निवडून त्यांच्याकडच्या रुग्णांवरून अंदाज बांधतात. भात शिजला का हे बघायला पातेलं उपसावं लागत नाही, शितावरून कळतं.

४. रिपोर्ट अजून आला नव्हता, तरी ते घरी येऊन गेले. एवढी घाई कशाला?

कारण रिपोर्टला लागणारा वेळ आजार पाळत नाही. प्रत्येक आजारासाठी 'रुग्ण कुणाला म्हणायचं' याची लेखी व्याख्या असते आणि तिच्यात पायऱ्या असतात: संशयित, संभाव्य, निश्चित. ताप आणि अंगभर पुरळ, जोडीला खोकला, वाहतं नाक किंवा लाल डोळे, एवढ्यावर गोवराचा संशयित रुग्ण ठरतो. रक्त तपासून तो निश्चित होतो किंवा यादीतून वगळला जातो.

गोवराच्या रुग्णाशी संबंध आलेल्या, पण लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. रिपोर्टची वाट बघत बसलं तर ते ७२ तास संपून जातात. संशयावरून धावपळ केली आणि शेवटी गोवर निघाला नाही, तर एक दुपार वाया गेली एवढंच.

५. 'साथ आली' हे कोण ठरवतं? दोन रुग्णांना साथ म्हणतात का?

कधीकधी एकालाही म्हणतात. जिथे पोलिओ नाही तिथे पोलिओने लुळा पडलेलं एक मूल म्हणजे आणीबाणीच. उलट जुलाबाचे ४० रुग्ण एखाद्या मोठ्या शहरात त्या महिन्याच्या मानाने नेहमीचेच असू शकतात. त्या जागी, त्या काळात साधारण जेवढे रुग्ण असतात त्याहून स्पष्टपणे जास्त दिसले, की उद्रेक. म्हणजे 'नेहमीचं किती' हे आधी माहीत असावं लागतं. ते कळतं मागच्या काही वर्षांच्या कंटाळवाण्या नोंदींतून.

आकडा वाढला म्हणजे आजार वाढलाच, असंही नसतं. नवीन चाचणी सुरू झाली, एखादी प्रयोगशाळा आताच अहवाल पाठवायला लागली, सुट्टीनंतर साठलेले रिपोर्ट एकदम आले, तरी आलेख उसळी घेतो. म्हणून पहिला फोन प्रयोगशाळेला जातो: 'तुमच्याकडे काही बदललंय का?'

आणि कधी ही चाहूल आकड्यांच्या तक्त्याबाहेरच लागते. १९८१ मध्ये अमेरिकेत एका दुर्मिळ न्यूमोनियावरचं पेंटामिडिन हे औषध अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राकडूनच मागवावं लागे. तरुण रुग्णांसाठी त्याची मागणी विचित्र रीतीने वाढते आहे, हे तिथे औषधांच्या मागण्या हाताळणाऱ्या एका कर्मचारी बाईंच्या लक्षात आलं. पुढे ज्याला एड्स हे नाव मिळालं, त्याच्या पहिल्या खुणांपैकी ती एक.

६. फोनवर मला तीन आठवड्यांपूर्वी कुठे गेलो, काय खाल्लं, हे विचारलं. कालचं विचारतील असं वाटलं होतं. इतकं मागे का जातात?

कारण जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला अधिशयन काळ म्हणतात आणि तो आजारागणिक वेगळा असतो. कॉलऱ्यात काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. टायफॉइडमध्ये साधारण एक ते तीन आठवडे. कांजिण्यांत १० ते २१ दिवस. 'अ' प्रकारच्या काविळीत १५ ते ५० दिवस, सरासरी २८. म्हणजे आज डोळे पिवळे झालेल्या माणसाला काल काय खाल्लं हे विचारण्यात काही अर्थ नसतो.

तीन आठवड्यांपूर्वीचं जेवण कुणाला आठवतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून नुसतं 'आठवा' असं न म्हणता कॅलेंडर, फोनमधले फोटो, बिलं, प्रवासाची तिकिटं काढायला सांगतात. तरीही आठवण फसवतेच. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली, ५० हून अधिक माणसं दगावली. सुरुवातीला संशय काकडी, टोमॅटो आणि सॅलडवर गेला. स्पेनमधल्या काकड्यांवर जाहीरपणे ठपका आला, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं आणि तो ठपका शेवटी खोटा ठरला. दोष होता मोड आलेल्या कडधान्यांत, आणि माग काढत गेल्यावर मेथीच्या बियांपर्यंत पोचला. मोड ताटावर चिमूटभर पसरलेले, ते खाल्ल्याचं लोकांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मग तपास करणाऱ्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये जेवून आजारी पडलेल्या गटांनी कोणते पदार्थ मागवले ते बिलं आणि फोटोंवरून काढलं, आणि त्या पदार्थांत काय काय पडतं हे थेट स्वयंपाकघरात विचारलं. ग्राहकाला न आठवलेली गोष्ट आचाऱ्याला पाठ होती.

तेव्हा 'आठवत नाही' हे उत्तर चालतं. अंदाजाने काहीतरी ठोकून देणं चालत नाही, कारण तेही यादीत जातं.

७. साथ नेमकी कुठून सुरू झाली हे शोधतात कसं? चाचणीत दिसतं का?

चाचणीत जंतू दिसतो, वाट दिसत नाही. वाट शोधायला तीन गोष्टी मांडाव्या लागतात: कोण, कुठे, कधी. प्रत्येक रुग्णाची एक ओळ अशी यादी करतात. तिला कार्यालयात सगळे 'लाइन लिस्ट' म्हणतात. वय, पत्ता, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, पाणी कुठलं, काम काय, लस घेतली का. मग लक्षणं सुरू झाल्याच्या तारखांप्रमाणे स्तंभ उभे करतात. सगळे स्तंभ एकाच जागी उंच चढून झपाट्याने उतरले तर बहुधा एकाच जेवणाचा किंवा एकाच टाकीचा दोष. ठरावीक अंतराने लाटा येत असतील तर माणसाकडून माणसाला. दिवसामागून दिवस सपाट चालूच असेल तर दूषित स्रोत अजून सुरू आहे.

या कामाचं जुनं आणि अजूनही सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे लंडनच्या सोहो भागातली १८५४ ची कॉलऱ्याची साथ. सहाशेहून अधिक मृत्यू. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरं नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटली होती. नकाशाची ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातले अपवाद जास्त महत्त्वाचे वाटतात. पंपाशेजारच्या बिअर बनवण्याच्या कारखान्यातले कामगार जवळपास सगळे वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई कॉलऱ्याने गेली. तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ते ती मुद्दाम मागवून घेत असे. जवळ असून वाचलेले आणि लांब असून गेलेले, यांनीच खटला पक्का केला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. तोवर साथ ओसरायला लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नोंदवलं आहे. पुढे हेन्री व्हाइटहेड या धर्मगुरूने घरोघर विचारपूस करून पंपाजवळच्या एका घरातल्या आजारी तान्ह्या मुलापर्यंत माग नेला. त्या मुलाचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या मैलाखड्ड्यात जायचं, तो पंपाच्या विहिरीला लागूनच होता.

म्हणून कार्यालयातला माणूस आजारी न पडलेल्यांनाही प्रश्न विचारतो. 'मी तर ठणठणीत आहे, मला कशाला विचारता?' याचं उत्तर हेच.

८. रुग्णाच्या शेजारी मी बसलो होतो. मला फोन आला नाही, दोन रांगा पलीकडच्याला आला. का?

'संपर्क' या शब्दाचा अर्थ आजाराप्रमाणे बदलतो. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे तिथे अख्खी खोली संपर्कात धरतात. क्षयरोगात बंद जागेत अनेक तास, अनेक दिवस सोबत असणं महत्त्वाचं. जिवाणूंमुळे होणाऱ्या एका मेंदूज्वरात घरातली माणसं आणि थुंकीशी थेट संबंध आलेले, एवढेच. त्यांना शक्यतो २४ तासांत प्रतिजैविक देतात. पलीकडच्या रांगेतल्या माणसाने लस घेतली नसेल किंवा तिथे गरोदर बाई असेल, तर तिचा नंबर आधी लागतो.

दुसरं कारण तारखांचं. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत आजार पसरवतो. तुम्ही त्याच्या शेजारी बसलात तो दिवस या चौकटीबाहेर असेल तर तुम्ही यादीत येत नाही. आणि हो, रुग्ण तुम्हाला विसरला असंही असू शकतं. शंका असेल तर स्वतः फोन करा. काय सांगायचं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

९. विलगीकरण आणि अलगीकरण हे एकच ना? आणि दिवस कशावरून ठरतात?

आजारी माणसाला वेगळं ठेवणं हे विलगीकरण. आजाऱ्याशी संबंध आलेल्या, पण अजून बऱ्या असलेल्या माणसाने वेगळं राहणं हे अलगीकरण. पहिल्याचे दिवस तो किती काळ जंतू पसरवतो यावर, दुसऱ्याचे दिवस अधिशयन काळ जास्तीत जास्त किती यावर. इबोलाच्या संपर्कातल्यांवर २१ दिवस लक्ष ठेवतात ते यामुळेच.

पूर्वी हे गणित नव्हतं. १३७७ मध्ये रागूसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचं ठरवलं. पुढे त्याचे ४० झाले. इटालियनमधल्या चाळीसवरूनच क्वारंटाइन हा शब्द आला.

१०. मला काहीही होत नाहीये. तरी रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत स्वयंपाकाचं काम थांबवायला सांगितलं. हा अन्याय नाही का?

अडचण खरी आहे. टायफॉइडमधून बरी झालेली काही थोडी माणसं पुढे महिनोन्महिने, क्वचित आयुष्यभर, विष्ठेतून जंतू टाकत राहतात आणि त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. असा माणूस कारखान्यात यंत्रावर असेल तर फारसा प्रश्न नाही. तो शेकडो लोकांचं जेवण करत असेल तर आहे.

न्यूयॉर्कची मेरी मॅलन स्वयंपाकीण होती. ती ज्या घरांत कामाला जाई तिथे टायफॉइड निघे. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाकाचं काम करणार नाही या अटीवर सोडलं. नाव बदलून ती पुन्हा तेच काम करायला लागली. १९१५ मध्ये ती एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत एकटी ठेवली गेली. सगळी मिळून २६ वर्षं. तिची चूक होतीच. पण दुसऱ्या कामात मजुरी कमी मिळत होती आणि आपण वाहक आहोत हे तिला कधी पटलंच नाही, हेही खरं. काम थांबवायचा आदेश देताना पर्यायी काम, बुडालेली मजुरी आणि पुढच्या तपासणीची तारीख या तिन्हींचं उत्तर तयार नसेल, तर तो आदेश कागदावरच राहतो. हे तीन प्रश्न तुम्ही जरूर विचारा आणि उत्तर लेखी मागा. टायफॉइडच्या वाहकांवर आता प्रतिजैविकांचे उपचार होतात, तिच्या वेळी ते नव्हते.

११. माझं नाव बाहेर जाणार नाही याची खात्री काय? आणि माझं नाव कुणी दिलं हे मला का सांगत नाहीत?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तुमचं नाव कुणी दिलं हे तुम्हाला सांगितलं, तर उद्या तुम्ही दिलेलं नावही दुसऱ्याला सांगावं लागेल, आणि मग कुणीच नावं देणार नाही. 'एका रुग्णाशी तुमचा संबंध आला होता' इथेच वाक्य थांबतं.

बाहेर जाणाऱ्या अहवालांत नावं काढून आकडे टाकतात. लहान गावात तेही पुरत नाही. 'वय ७२, पुरुष, नुकताच परदेशातून आलेला' एवढ्यावर अख्खं गाव माणूस ओळखतं. म्हणून फार लहान आकडे प्रसिद्ध करताना वय, गाव, लिंग यांतलं काहीतरी मुद्दाम गाळतात. तपशील कमी दिसले की लपवाछपवीचा संशय येतो, हे कळतं. पण गाळलेला तपशील कुणाचा तरी चेहरा असतो.

१२. लस फक्त त्या घराच्या आसपासच का दिली? आम्ही काय घोडं मारलं?

आजार प्रत्यक्ष जिथे आहे त्याच्याभोवती कडं करायचं, ही रीत देवीच्या वेळी सिद्ध झाली. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. त्यांनी रुग्ण कुठे आहेत हे शोधून काढलं आणि त्या रुग्णांभोवतीच लस दिली. साथ थांबली. पुढे जगभर हीच पद्धत वापरली. देवीचा नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

प्रत्येक आजारात हे जमत नाही. देवीचा रुग्ण पुरळावरून ओळखू यायचा आणि पुरळाआधी सहसा आजार पसरवत नसे. गोवर आधीच पसरतो, म्हणून तिथे कड्याच्या जोडीला नियमित लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास ठेवावंच लागतं.

१३. आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेही आहेत. मग लसीचा उपयोग काय?

एक हिशेब मांडू. शाळेत १००० मुलं, त्यांतल्या ९५० जणांनी गोवराचे दोन्ही डोस घेतलेत, ५० जणांनी नाही. दोन डोस सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात, म्हणजे ९५० पैकी २८-२९ जण तरीही उघडे राहतात. आता समजा गोवर शाळाभर फिरला आणि उघड्या मुलांपैकी ९० टक्के आजारी पडली. लस न घेतलेले ४५, लस घेतलेले २५-२६. बातमी होईल: 'रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लस घेतलेले!' पण लस न घेतलेल्या प्रत्येक १० मुलांत ९ आजारी पडली आणि लस घेतलेल्या १०० मध्ये ३ सुद्धा पडली नाहीत. रुग्णांत लसवाले किती हे विचारू नका, लसवाल्यांत रुग्ण किती ते विचारा.

अपवाद असतो. लसवाल्यांतही प्रमाण फार दिसलं तर कार्यालय आधी लसीच्या साठ्याकडे बघतं. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि काही लसी गोठल्याने कायमच्या बाद होतात. फ्रिजच्या तापमानाची रोजची वही तेव्हा उघडली जाते.

१४. डेंगीसाठी धूर फवारा म्हणून अर्ज केला. ते येऊन आमच्या कुंड्या आणि पिंप बघून गेले. हे काय?

धूर त्या वेळी उडत असलेल्या डासांनाच मारतो. अंडी आणि अळ्या तशाच राहतात आणि काही दिवसांत नवे डास तयार. डेंगीचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि ती सुकलेल्या भांड्यातही महिनोन्महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायला सांगतात ते या हिशेबाने. नुसतं पाणी ओतून टाकलं तर कडेची अंडी तिथेच. धूर दिसतो, म्हणून त्याची मागणी जास्त. पिंप घासण्याचा फोटो चांगला येत नाही.

१५. पाण्यात क्लोरीन टाकतात, तरी जुलाबाची साथ कशी येते?

टाकीपाशी टाकलेलं क्लोरीन नळापर्यंत पोचायला हवं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं लागतं. मध्ये नळ फुटला असेल आणि पुरवठा थांबून थांबून होत असेल, तर रिकाम्या नळात बाहेरची घाण ओढली जाते. म्हणून कर्मचारी शेवटच्या घरच्या नळाचं पाणी तपासतो.

काही जंतू क्लोरीनला दादच देत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होतं. गाळण कमी पडली होती.

१६. संशय असेल तर सरळ सगळ्यांच्या चाचण्या का करत नाहीत? आणि आता म्हणे सांडपाणी तपासतात!

आजार विरळ असताना सरसकट चाचणी दिशाभूल करते. १०,००० लोकांत १० जण खरे बाधित आहेत आणि चाचणी निरोग्यांपैकी १ टक्क्याला चुकून पॉझिटिव्ह दाखवते असं धरा. १० खरे, १०० खोटे. त्या शंभर जणांच्या घरी जाण्यात जो वेळ जाईल तेवढ्यात खरे दहा निसटतात. संपर्कातल्यांची चाचणी केली की हे प्रमाण उलटतं.

सांडपाण्याचा उपयोग वेगळा आहे. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या सुमारे २०० पैकी एकालाच लकवा होतो, बाकीच्यांत तो गुपचूप फिरतो. लंडनमध्ये २०२२ साली लकव्याचा एकही रुग्ण नव्हता, पण सांडपाण्याच्या नमुन्यांत विषाणू सापडला आणि लहान मुलांना जादा डोस दिले गेले. सांडपाणी कुणाचं नाव सांगत नाही, दवाखान्यात न गेलेल्यांचीही खबर मात्र देतं.

१७. गेल्या मंगळवारचा आकडा तेव्हा १२ होता, आज त्याच दिवसापुढे १९ दिसतो. आकडे दाबले होते का?

दाबायचे असते तर नंतर वाढवले नसते. रुग्ण ज्या दिवशी आजारी पडला त्या तारखेला मोजतात, नोंद आली त्या तारखेला नाही. मंगळवारी आजारी पडलेला माणूस गुरुवारी डॉक्टरांकडे जातो, शनिवारी रिपोर्ट येतो, सोमवारी नोंद होते आणि ती मागे जाऊन मंगळवारच्या खात्यात बसते. त्यामुळे आलेखाचं उजवं टोक नेहमीच खाली झुकलेलं दिसतं. 'साथ उतरली' अशा बातम्या त्या झुकलेल्या टोकावरून अनेकदा केल्या जातात. शेवटचे काही दिवस बोटाने झाकून आलेख बघा.

१८. मग साथ संपली हे कधी म्हणायचं?

शेवटच्या रुग्णानंतर सर्वांत लांब अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण नसेल तेव्हा, हा बऱ्याच आजारांतला नियम. इबोलात २१ ची दुप्पट, ४२ दिवस. मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू करायची हे मात्र आजाराप्रमाणे ठरतं. आणि त्या दिवसांत शोध चालू असायला हवा, नाहीतर शून्याला अर्थ नाही (प्रश्न २ बघा).

१९. मी डॉक्टर नाही. नुसता संशय आला म्हणून फोन केला तर हसतील का?

हसत नाहीत. एकाच ठिकाणी जेवलेले, एकाच वर्गातले किंवा एकाच टाकीचं पाणी पिणारे दोनचार जण एकाच सुमारास आजारी पडले, तर निदान तुम्ही करायची गरज नाही. किती जण, साधारण वयं, लक्षणं काय, पहिल्याला कधी सुरू झालं, सगळ्यांत समान काय, एवढं सांगा. तारखेसोबत वेळही सांगा; जेवणानंतर तीन तासांनी उलट्या आणि तीस तासांनी जुलाब यांमागचे जंतू वेगळे असतात.

उरलेलं अन्न फेकू नका, झाकून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा आणि कुणी खाऊ नये म्हणून चिठ्ठी लावा. त्या टाकीचं पाणी पिणं थांबवा, पण नमुना घेईपर्यंत ती धुऊ नका. काळजीपोटी लोक आधी सगळं स्वच्छ करतात आणि मग फोन करतात, तेव्हा तपासायला काही उरलेलं नसतं. कुणाला रक्त पडत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा लघवी थांबली असेल तर फोन नंतर, आधी रुग्णालय.

प्राणी चावला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच लस सुरू करा. कुत्र्यावर किंवा मांजरावर १० दिवस लक्ष ठेवायचं काम कार्यालयाचं. तेवढ्या दिवसांत ते धडधाकट राहिलं तर डॉक्टर उरलेले डोस थांबवू शकतात. त्या दहा दिवसांची वाट बघून मग लस घ्यायची, असा त्याचा अर्थ नाही. हा गैरसमज जिवावर बेततो.

आणि फोन करताना स्वतःचा नंबर सांगायला विसरू नका. रात्री साडेअकराला कळकळीने सगळं सांगून नंबर न देता ठेवलेले फोन बरेच असतात.